गुडाखूची डबी आणि रात्रीचा ब्रश

आमच्या होस्टेलमध्ये सकाळी ब्रश न करता कोणी पीटीला येत नाही. शिट्टी वाजते, बेसिनपुढे रांग लागते, तोंडात फेस घेऊनच निम्मे जण बुटाच्या नाड्या बांधतात. पाच वर्षांत माझा एकही दिवस चुकला नाही. यामुळे मला वाटायचे की सवय लागली. पण उन्हाळ्याच्या सुट्टीत रायपूरला घरी गेलो, आणि चौथ्या दिवशी दुपारी आईने विचारले, "दात घासलेस का रे?" तेव्हा लक्षात आले की शिट्टी नव्हती म्हणून ब्रशही नव्हता. म्हणजे सवय मला लागलीच नव्हती, शिट्टीची लागली होती.

आमचे घर गुढ़ियारीत, स्टेशनच्या पलीकडे. ठोक बाजार जवळ असल्यामुळे गोळ्या-चॉकलेटच्या बरण्या पाकिटाने नाही, खोक्याने दिसतात. त्याच दुकानांत टूथपेस्टच्या शेजारी गुडाखूच्या डब्या असतात. महाराष्ट्रातल्या वाचकांसाठी सांगतो, तिकडे जशी मिश्री तसा छत्तीसगडमध्ये गुडाखू. तंबाखू आणि गुळाची काकवी यांचा काळपट लगदा, बोटावर घेऊन हिरड्यांना चोळायचा. आमची आजी भंडाऱ्याहून लग्न होऊन आली तेव्हापासून चोळते. ती त्याला "दात घासणे"च म्हणते. केंद्र सरकारने 1992 मध्ये टूथपेस्ट आणि दंतमंजनात तंबाखू घालायला बंदी केली. 2003 च्या कायद्याने 18 वर्षांखालच्या मुलाला तंबाखू विकता येत नाही. तरी मी आठ वर्षांचा असताना आजीसाठी डबी आणलेली आहे, आणि दुकानदाराने वर एक गोळीही दिली होती.

या सुट्टीत माझा सात वर्षांचा भाऊ आजीशेजारी बसून बोट हिरड्यांवर फिरवताना दिसला. बोट कोरडे होते, नुसती नक्कल. पण मला धडकी भरली. त्याच आठवड्यात त्याचा गाल सुजला. घरात सगळे म्हणत होते, दुधाचे दात आहेत, पडतीलच. डॉक्टरांनी सांगितले की किडलेली दाढ दुधाची नाहीच. सहाव्या वर्षाच्या सुमारास दुधाच्या दाढांच्या मागे पहिली कायमची दाढ येते, कोणताही दात न पडता, म्हणून घरच्यांना कळतच नाही. ती एकदाच मिळते.

माझे मत असे आहे की मुलांना "गोड खाऊ नका" हे सांगणे जवळजवळ वाया जाते. किती गोड खाल्ले यापेक्षा किती वेळा खाल्ले हे दातांना जास्त कळते. प्रत्येक वेळी तोंडातले जंतू साखरेपासून आम्ल बनवतात, आणि लाळेला ते धुऊन काढायला अर्धा तास तरी लागतो. जेवताना पुरणाच्या दोन पोळ्या खाल्ल्या तर तो हल्ला एकदा होतो. पण लॉकरमध्ये लपवलेले चॉकलेट प्रेपच्या दोन तासांत पाच वेळा चघळले तर पाच वेळा. (लॉकर कोणाचा ते विचारू नये.) म्हणून पुरणपोळीला दोष देऊ नका, खिशातल्या गोळीला द्या.

मे 2025 मध्ये सीबीएसईने शाळांना साखरेचे फलक लावायला सांगितले. त्या परिपत्रकात होते की 11 ते 18 वर्षांच्या मुलांच्या रोजच्या उष्मांकांपैकी 15 टक्के साखरेतून येतात, असायला हवेत 5 टक्के. फलक चांगलाच आहे. पण तो वर्गाबाहेर लावून उपयोग नाही, कॅन्टीनच्या खिडकीवर हवा, जिथे हात खिशात जातो. आणि आमच्याकडे रात्री प्रेपनंतर साखर घातलेले दूध मिळते, मग थेट लाइट्स ऑफ. झोपेत लाळ कमी होते, म्हणून खरे तर रात्रीचाच ब्रश जास्त महत्त्वाचा. तो मात्र कुठल्याच टाइमटेबलमध्ये नाही. दूध आणि लाइट्स ऑफ यांच्यामध्ये दहा मिनिटे मोकळी द्यावीत एवढीच माझी मागणी आहे. शिट्टी नको, हजेरी नको. न करणाऱ्याला रगडाही नको, कारण रगड्याने लागलेले सुट्टीत सुटते, हे मी अनुभवाने सांगतो.

घरी आम्ही काय केले ते सांगतो. आजीला कोणी बोलले नाही. इतक्या वर्षांची तंबाखू नातवाच्या भाषणाने सुटत नसते, आणि मोठ्यांना असे बोलणे मला बरेही वाटले नसते. फक्त डबी मोरीवरून तिच्या ट्रंकेत गेली. ते तिनेच केले, गालाची सूज पाहिल्यावर. जेवण झाले की मी आणि भाऊ ओट्यावर बसून ब्रश करायचो, वाटाण्याएवढी पेस्ट, दोन मिनिटे. आजी समोर बसून मोजायची. तिचे आकडे फार हळू पुढे सरकत, त्यामुळे दोन मिनिटांची तीन व्हायची.

मी परत आल्यापासून रविवारी फोन होतो. भाऊ सांगतो, आजी अजून मोजते. डबी ट्रंकेतच आहे, पण ट्रंक रोज उघडते.