तपासणी दारात, उपचार ऐंशी किलोमीटरवर

आमच्या तालुक्याच्या गावात मोबाइलची दुकानं मोजायला दोन्ही हातांची बोटं पुरत नाहीत. दातांचे डॉक्टरही पाच-सहा आहेत. स्पीच थेरपिस्ट मात्र एकही नाही. माझा मुलगा तीन वर्षांचा होईपर्यंत हे मलाही माहीत नव्हतं.

तो बोलत नव्हता. घरी सगळे म्हणायचे, "अरे, तूही उशिराच बोललास. बोलेल." या 'बोलेल'मध्ये आमचं एक वर्ष गेलं. मग अंगणवाडीत तपासणीचं पथक आलं. त्यातल्या डॉक्टरांनी चिठ्ठी दिली आणि सांगितलं, जिल्ह्याला न्या.

जिल्ह्याचं ठिकाण ऐंशी किलोमीटर. एसटीनं जाऊन-येऊन पाच तास, थेरपी अर्धा तास. आठवड्यातून एकदा तरी या, असं सांगितलं. मी एक दिवस दुकान बंद ठेवू शकतो. ज्याचं पोट रोजंदारीवर आहे, त्यानं दर आठवड्याला खाडा कसा करायचा? तिथे ओळख झालेली दोन कुटुंबं तिसऱ्या खेपेनंतर दिसलीच नाहीत. त्यांची मुलं आता बोलतात की नाही, कुणी विचारतं का?

व्हिडिओ कॉलवर करा, असंही सुचवतात. इथे रेंज जाते आणि मोबाइल समोर धरला की पोर कार्टून मागतं.

योजना नाही असं नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून आहे. त्यात अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा तपासणी होते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात वाचा आणि भाषेचं अपंगत्वही धरलंय. म्हणजे मूल शोधायला सरकार गावात येतं. उपचारासाठी मात्र मुलानंच सरकारकडे जायचं.

माझी मागणी एवढीच आहे. आठवड्यातला एक वार ठरवा आणि त्या दिवशी थेरपिस्टना आपल्या ग्रामीण रुग्णालयात बसवा. इमारत नको, मोठं मशीन नको. एक शांत खोली आणि चार खेळणी पुरतात. आईबापांना घरी काय करून घ्यायचं ते नीट शिकवलं, तरी निम्मं काम होतं.

तोवर पालकांनो, दोन गोष्टी लक्षात ठेवा. मूल बोलत नसेल तर आधी कान तपासून घ्या. खासगीत गेलात तर भारतीय पुनर्वसन परिषदेचा नोंदणी क्रमांक विचारा, लाजू नका. श्रवणयंत्र विकणारा प्रत्येक जण थेरपिस्ट नसतो.

येत्या सोमवारी मी ग्रामीण रुग्णालयाच्या वैद्यकीय अधीक्षकांना निवेदन देणार आहे. तुमच्या घरात, गल्लीत, वस्तीवर असं मूल असेल तर मला कळवा. नाव नको, फक्त गाव आणि वय सांगा. एका बापाचं गाऱ्हाणं बाजूला ठेवता येतं, पन्नास मुलांची यादी ठेवता येणार नाही.