भूल आणि भार

‘भूल’ म्हणजे चूकही आणि शस्त्रक्रियेपूर्वीची बेशुद्धीही. मराठीच्या मास्तराला याची मौज वाटते. पण पित्ताशय काढून घ्यायला मिरजेस निघालेल्या आमच्या कवठे महांकाळच्या अण्णांना धडकी भरते. उंची सव्वापाच फूट, वजन ११० किलो!

भीती अगदीच अनाठायी नाही. लठ्ठ माणूस उताणा निजला की पोटाचा भार श्वासपटलाला वर रेटतो. त्यात भुलेने स्नायू सैलावले, की काही मिनिटांतच फुप्फुसांच्या तळचे वायुकोश मिटू लागतात, प्राणवायूची शिल्लक झपाट्याने आटते. म्हणून भूलतज्ज्ञ आधीच डोके-खांदे उंच करून प्राणवायू देतात. पुढे यंत्राचा श्वास मापायचा तो उंचीवरून. माणूस फुगला म्हणून फुप्फुसे थोडीच वाढतात! अण्णांना एका श्वासाला सुमारे ४०० मिलीलीटर हवा पुरे. वजनाच्या हिशेबाने जवळजवळ दुप्पट जाईल आणि इजाच व्हायची.

श्वास सोडल्यावरही थोडा दाब राखून वायुकोश उघडे ठेवतात. तो किती? २३ देशांतल्या सुमारे दोन हजार स्थूल रोग्यांवरील ‘प्रोबेस’ चाचणीत (२०१९) पाण्याच्या ४ आणि १२ सेंटिमीटरइतका दाब ताडून पाहिला. फुप्फुसांचे उपद्रव अनुक्रमे शेकडा २३.६ आणि २१.३ जणांना, भरवशाचा फरक नव्हे. जास्त दाबाने रक्तदाब मात्र अधिक जणांचा उतरला.

अण्णांचे घोरणे साऱ्या आळीला ठाऊक, डॉक्टरांना सांगायची तेवढी लाज! झोपेत श्वास अडकत असेल, तर भूलतज्ज्ञाला ते आधीच कळायला हवे. शुद्धीवर आल्यावर अशा रोग्याला सपाट पडू देत नाहीत; उशाकडून उंच बसवतात आणि लवकरात लवकर चालवतात.