आगाऊ भोजनाचा हिशेब

सुट्टीच्या प्रवासात खोलीच्या आरक्षणाबरोबर भोजनाचेही पैसे आगाऊ भरावेत काय, हा प्रश्न व्यापाऱ्याने व्यापाऱ्याच्याच रीतीने सोडवावा. खोपोलीजवळचे इमॅजिका उद्यान २०१३ साली सुरू झाले. चिखलीहून ते चारशे किलोमीटरांहून दूर आहे. इतक्या लांब घरचा डबा पुरत नाही, म्हणून आगाऊ भोजन सोयीचे वाटते.

हॉटेलांच्या भाषेत ‘सीपी’ म्हणजे खोलीसह न्याहारी, ‘एमएपी’ म्हणजे न्याहारी व एक जेवण, आणि ‘एपी’ म्हणजे तिन्ही वेळा. एमएपीतील ते एक जेवण बहुधा रात्रीचे असते. डिसेंबरात सूर्यास्त सहाच्या सुमारास होतो. चौविहार पाळणाऱ्याचे ते ताट वाढले जाण्यापूर्वीच वाया गेलेले असते. नवकारसी सूर्योदयानंतर ४८ मिनिटांनी. तिच्याशी न्याहारीची वेळ सहज जुळते.

म्हणून घरातील माणसे नव्हेत, प्रत्यक्ष होणारी जेवणे मोजावीत. सायंकाळचे ताट सूर्यास्तापूर्वी मिळेल काय, अथवा त्याऐवजी दुपारी उद्यानातच जेवता येईल काय, कंदमुळांविना स्वतंत्र रांधले जाईल काय, हे लेखी विचारून घ्यावे. स्पष्ट होकार आल्यास योजना घ्यावी. उत्तर मोघम असल्यास न्याहारीपुरतेच पैसे भरावेत आणि सोबत खाखरे ठेवावेत.

तोटा केवळ रकमेचा नसतो. पैसे भरले आहेत, एवढ्याच कारणाने नियम मोडण्याचा मोह होतो, आणि तो मुलांच्या देखत होतो. गेलेली रक्कम वसूल करण्यासाठी व्रत खर्ची घालणे, हा कोणत्याही वहीत न बसणारा सौदा आहे.