दुधाची सरासरी आणि धानपट्ट्यातील ताट

देशात दूध वाढले म्हणजे प्रथिनांचा प्रश्न सुटला, असे समीकरण सहज मांडले जाते. आकडेही त्याला साथ देतात. २०२३-२४ मध्ये देशाचे दूध उत्पादन सुमारे २३ कोटी ९० लाख टनांवर पोहोचले आणि दरडोई उपलब्धता दिवसाला ४७१ ग्रॅम झाली. जगाची सरासरी याच सुमारास ३३० ग्रॅमच्या आसपास आहे. पण चंद्रपूरच्या धानपट्ट्यात किंवा गडचिरोलीतील भामरागड-एटापल्लीच्या जंगलात हा आकडा घेऊन गेले, तर त्याचा ताटाशी मेळ बसत नाही. हा मेळ का बसत नाही, हे समजून घेणे कुपोषणाच्या चर्चेसाठी महत्त्वाचे आहे.

आधी देशाचा आलेख पाहू. १९५०-५१ मध्ये उत्पादन होते १ कोटी ७० लाख टन. पुढच्या वीस वर्षांत ते २ कोटी २० लाख टनांपर्यंत गेले खरे. पण लोकसंख्या त्याहून वेगाने वाढली आणि दरडोई दूध सुमारे १३० ग्रॅमवरून ११० ग्रॅमपर्यंत घसरले. १९७० मध्ये डॉ. वर्गीस कुरियन यांच्या नेतृत्वाखाली ‘दुधाचा महापूर’ योजना सुरू झाली. गावातले संकलन, शीतकरण आणि शहरातली विक्री एका साखळीत आली. १९९८ मध्ये भारताने अमेरिकेला मागे टाकून दूध उत्पादनात पहिला क्रमांक मिळवला.

आता दुधाऐवजी प्रथिने मोजू. १०० ग्रॅम गायीच्या दुधात सव्वातीन ग्रॅमच्या आसपास प्रथिने असतात, म्हशीच्या दुधात थोडी जास्त. त्या हिशेबाने १९७० च्या सुमारास माणशी रोज जेमतेम पावणेचार ग्रॅम दुग्धप्रथिने उपलब्ध होती. आज हा आकडा १६ ग्रॅमच्या घरात आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीनुसार ५५ किलो वजनाच्या स्त्रीला रोज सुमारे ४६ ग्रॅम प्रथिने लागतात. म्हणजे कागदावर तिची एकतृतीयांश गरज दुधानेच भागते. शिवाय तांदळाच्या प्रथिनात लायसिन हे आवश्यक अमिनो आम्ल कमी असते आणि दुधात ते भरपूर असते. भातावर जगणाऱ्या माणसाला दुधाचा उपयोग म्हणूनच अधिक.

अडचण ‘उपलब्धता’ या शब्दात आहे. एकूण उत्पादनाला लोकसंख्येने भागले की हा आकडा मिळतो. नासलेले, तुपासाठी कढवलेले दूध त्यातून वजा होत नाही. तूप म्हणजे जवळजवळ शुद्ध स्निग्धांश, त्यात प्रथिने नसतात. ती मागे उरलेल्या ताकात किंवा साय काढलेल्या दुधात राहतात. पनीर केले, तर दुधातील काही प्रथिने निवळीबरोबर निघून जातात. याहून मोठी गोष्ट म्हणजे सरासरी. शहरातला पनीर-श्रीखंडाचा ग्राहक आणि ज्या घरात आठवड्यात एकदाही दूध येत नाही ते घर, दोघांनाही हा आकडा ४७१ ग्रॅमच देतो. महाराष्ट्राची दरडोई उपलब्धता देशाच्या सरासरीहून कमी आहे आणि राज्याच्या दुधाचा मोठा भाग कोल्हापूर, सांगली, पुणे, अहिल्यानगर, सोलापूर या पट्ट्यातून येतो.

पूर्व विदर्भात जनावरे नाहीत असे नाही. पण ती दुधासाठी पाळलेली नाहीत. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया भागातील ‘कठाणी’ या गोवंशाची स्वतंत्र जात म्हणून अलीकडेच नोंद झाली. धानाच्या चिखलात काम करणारा काटक बैल ही तिची ओळख. चारा म्हणजे मुख्यतः धानाचे तणस आणि जंगलातले गवत. तणसात प्रथिने तीन-चार टक्क्यांच्या आसपासच असतात. त्यावर गाय जगते, पण दुधाला फारसे काही उरत नाही. ब्रह्मपुरी, सिंदेवाही, मूल भागात जंगलात गुरे चारायला नेणे म्हणजे वाघाच्या वाटेवर जाणे. त्यातच माडिया गोंडांसह मध्य भारतातील अनेक आदिवासी समाजांत गायीचे दूध हा वासराचा हक्क मानण्याची जुनी रीत आहे. तिला अज्ञान म्हणणे चुकीचे ठरेल. जिथे शेती बैलावर अवलंबून आहे, तिथे वासराला पोटभर दूध मिळणे हाच शहाणपणा होता.

शरीरशास्त्राची बाजूही आहे. दुधातली लॅक्टोज ही साखर पचवणारे लॅक्टेज विकर लहानपणी सर्वांकडे असते. मोठेपणी ते सर्वांकडे टिकत नाही. पिढ्यान्‌पिढ्या दूध पिणाऱ्या समाजांत ते टिकण्याचे प्रमाण जास्त, इतरत्र कमी. अशांना पेलाभर दुधाने पोट फुगणे, जुलाब होणे असा त्रास होऊ शकतो. दही-ताकात जिवाणूंनी काही साखर आधीच फोडलेली असल्याने ते अधिक सोसते.

या पार्श्वभूमीवर विदर्भ-मराठवाडा दुग्धविकास प्रकल्पाच्या दुसऱ्या टप्प्याकडे पाहायला हवे. २०२४ मध्ये मंजूर झालेल्या या टप्प्यात सुमारे १४९ कोटी रुपये खर्चून १९ जिल्ह्यांत दुधाळ जनावरे, चारा, पशुखाद्य आणि पशुवैद्यकीय सेवा देण्याचे उद्दिष्ट आहे. धानाच्या एका पिकावर जगणाऱ्या कुटुंबाला रोजचा पैसा मिळणे ही मोठी गोष्ट आहे. मात्र संकलन केंद्रात गेलेले दूध गावातल्या मुलाच्या पोटात जात नाही. दुधाच्या पैशातून घरात डाळ, अंडी आली तर पोषण सुधारेल. पैसा पशुखाद्यात आणि कर्जाच्या हप्त्यात गेला तर नाही. उत्पन्न आणि पोषण ही दोन उद्दिष्टे वेगळी आहेत, त्यामुळे ती वेगळीच मोजली पाहिजेत.

दोन्हींची सांगड घालणे शक्य आहे. कर्नाटकने २०१३ मध्ये ‘क्षीर भाग्य’ योजनेतून सहकारी संघाच्या दुधाची भुकटी शाळा-अंगणवाड्यांत नेली. १५० मिलिलिटर दुधातून मुलाला सुमारे पाच ग्रॅम प्रथिने मिळतात. महाराष्ट्रात आदिवासी भागांत अमृत आहार योजनेतून गर्भवती व स्तनदा मातांना एक वेळचे ताजे जेवण आणि बालकांना अंडी किंवा केळी दिली जातात. एका अंड्यातून सुमारे सहा ग्रॅम प्रथिने मिळतात. केळ्यातून एक ग्रॅमच्या आसपास. अंड्याला केळे हा पर्याय ऊर्जेसाठी चालेल, प्रथिनांसाठी नाही. गर्भारपणाच्या शेवटच्या तिमाहीत रोज सुमारे २२ ग्रॅम प्रथिने जास्त लागतात, हे लक्षात घेतले की या फरकाचे गांभीर्य कळते.

जंगलपट्ट्याकडे प्रथिनांचे स्वतःचे मार्गही आहेत. मामा तलावांतली मासळी, घरच्या कोंबड्या, धानाच्या बांधीत घेतलेला हरभरा आणि इतर कडधान्ये. दूध त्यांच्या जोडीला यावे, जागेवर नव्हे. दुग्धविकासाचे यश किती लिटर संकलन झाले यावर ठरेलच. पण त्यासोबत धानोरा किंवा कोरचीच्या अंगणवाडीत मुलाच्या ताटात दिवसाला किती ग्रॅम प्रथिने पडली, हेही दर वर्षी नोंदले गेले, तर देशाच्या सरासरीत हरवलेली ही मुले निदान मोजणीत तरी येतील.