सुन्न झालात, म्हणजे नेमकं काय झालात?

‘सुन्न झालो.’ खऱ्या खुनांवर बेतलेला सिनेमा पाहून आलेला मराठी माणूस हे दोन शब्द बोलणारच. परीक्षणाचा शेवट याच शब्दांनी होतो, लग्नाच्या पंगतीत विषय निघाला तरी हेच शब्द येतात, आणि वर ‘एकदा तरी बघाच’ अशी शिफारस असते. मला या शब्दाचा आता राग येतो. त्या रागाची कारणं सांगायची आहेत.

आम्ही भिलाई-दुर्गकडची मराठी माणसं घरात एक भाषा बोलतो आणि उंबऱ्याबाहेर दुसरी. त्यामुळे काही शब्द आम्हाला दोनदा ऐकू येतात. हिंदीत सुन्न म्हणजे बधिर. दाताचा डॉक्टर सुई टोचण्याआधी म्हणतो, ‘सुन्न कर देता हूँ’, आणि मग हिरडीत त्याला हवं ते करता येतं, आपल्याला कळत नाही. मराठीत सुन्न होणं म्हणजे घाव इतका आत बसणं की बोलणं खुंटावं. ‘माफीचा साक्षीदार’ पाहून आमची माणसं सुन्न होतात ती हिंदीतली, असं माझं म्हणणं आहे.

१९८६ सालचा हा सिनेमा. दिग्दर्शक राजदत्त, टोळीच्या म्होरक्याच्या भूमिकेत नाना पाटेकर. पुण्याच्या जोशी-अभ्यंकर खून प्रकरणावर तो बेतलेला आहे, हे सांगावं लागत नाही. आमच्याकडे तो आधी भाड्याच्या व्हीसीआरवर पाहिला गेला. सेक्टरमधल्या एका क्वार्टरच्या बाहेरच्या खोलीत वीस-पंचवीस माणसं, खिडक्यांना चादरी. आता तीच मंडळी, केस पांढरे झालेली, नातवंडांना बोलावून तो मोठ्या टीव्हीवर दाखवतात. चाळीस वर्षांत प्रतिक्रिया मात्र फारशी हललेली नाही. पहिली : ‘नानाचे डोळे बघ.’ दुसरी : ‘अगदी असंच झालं होतं हं.’ तिसरी, जरा उशिरा, चहा झाल्यावर : ‘फाशी दिली ते बरंच झालं.’ आणि यांच्या मध्ये कुठेतरी ते ‘सुन्न’.

दुसऱ्या प्रतिक्रियेपाशी थांबू. ‘अगदी असंच झालं होतं’ हे ज्यांना ठामपणे माहीत आहे, त्यांना काय काय माहीत आहे?

खुनी चौघांची नावं ते एका दमात सांगतात. जक्कल, सुतार, जगताप, मुनव्वर शहा. टिळक रस्त्यावरच्या अभिनव कला महाविद्यालयाचे विद्यार्थी. नायलॉनची दोरी माहीत असते, गाठ माहीत असते, पेशवे पार्कच्या तळ्यात टाकलेलं पिंप माहीत असतं. २७ नोव्हेंबर १९८३ ला येरवड्यात फाशी झाली, हेही माहीत असतं. मग मी विचारते, माणसं किती गेली? इथे अडखळतात. कुणी सात म्हणतं, कुणी आठ. दहा गेली. जानेवारी १९७६ ते मार्च १९७७ या चौदा महिन्यांत दहा.

आकडा चुकतो याला कारण आहे, आणि ते प्रकरणाच्या नावातच आहे. जोशींच्या घरात तिघं गेली. अभ्यंकरांच्या बंगल्यात पाच गेली, पण त्या पाचांतली एक घरकाम करणारी बाई होती, तिचं आडनाव अभ्यंकर नव्हतं. सगळ्यात पहिला गेला तो कॉलेजमागच्या हॉटेलवाल्याचा मुलगा. सगळ्यात शेवटी गेला तो कॉलेजातल्याच एका मित्राचा धाकटा भाऊ. ही तीन माणसं ‘जोशी-अभ्यंकर’ या जोडनावात बसत नाहीत, म्हणून आठवणीतही बसत नाहीत. सभ्य वस्तीतल्या बंगल्याचं दार वाजवून कुणी आत येतं, ही मध्यमवर्गाची भीती होती आणि नावही त्याच भीतीनं दिलं. मोलकरीण त्या भीतीचा विषय नव्हती. तिला त्या रात्री त्या घरात असण्याचा पगार मिळत होता, एवढंच.

माझी एक मावशी तेव्हा डेक्कन जिमखान्यावर राहायची. त्या हिवाळ्यात संध्याकाळी सहानंतर कुणी दार उघडत नसे, बेल वाजली तर आधी वरच्या खिडकीतून डोकावत, असं ती सांगायची. तिनं हा सिनेमा कधीच पाहिला नाही. कारण विचारलं की म्हणायची, ‘मला ठाऊक आहे तेवढं पुरे.’ आझाद हिंद एक्सप्रेसनं सुटीत पुण्याला गेलो की आम्ही पोरं तिला खोदून खोदून विचारायचो, आणि ती विषय बदलायची. भित्री म्हणून आम्ही हसायचो. आणीबाणीतलं ते पुणं होतं. वर्तमानपत्रांच्या तोंडाला फडकं बांधलेलं, आणि त्या शांततेत तोंडी बातमी गल्लीगल्लीतून फुगत जायची. शेवटचा खून २३ मार्च १९७७ चा, आणीबाणी उठल्यावर दोनच दिवसांनी. नातवंडांना बोलावणारी मंडळी यातलं काही सांगत नाहीत. सिनेमाच्या आधीही नाही आणि नंतरही नाही.

आता ‘माफीचा साक्षीदार’ या शब्दाकडे बघा. तो कायद्यातला आहे. गुन्ह्यात सामील असलेल्याला माफी देता येते. अट एवढीच, की त्यानं आपल्याला माहीत आहे ते सगळं आणि खरं सांगायचं, स्वतःचा वाटा धरून. पुण्याच्या खटल्यात असा एकजण होता आणि तो वाचला. मला वाटतं, सिनेमाचं नाव प्रेक्षकालाही लागू पडतं, फक्त प्रेक्षक अट पाळत नाही. खोलीत बसून त्यानं सगळं पाहिलेलं असतं. दोरी आवळली जाते तेव्हा तो पुढे सरकून बसलेला असतो. मध्ये वीज गेली तर हळहळलेला असतो. आणि साक्ष देताना म्हणतो काय, तर सुन्न झालो, समाजानं बोध घ्यावा असा सिनेमा आहे. आपला वाटा तेवढा वगळतो. मजा आली, हे कबूल करणारा एकही प्रेक्षक मला आजवर भेटलेला नाही, आणि तरी चाळीस वर्षं तो सिनेमा पुन्हा पुन्हा बघितला जातो आहे.

बोधाचं तर विचारूच नका. कसला बोध? अनोळखी माणसाला दार उघडू नये? पहिला मुलगा मित्रांबरोबरच गेला होता. कॉलेजातल्या पोरांनी दारू पिऊ नये? त्यासाठी दहा प्रेतं कशाला लागतात? बोध ही प्रेक्षकाची पावती आहे. ती खिशात असली की आत काय पाहिलं ते कुणी विचारत नाही.

याचा उलटा नमुना हिंदीत आहे. अनुराग कश्यपचा ‘पांच’ याच प्रकरणावरून सुचलेला. सेन्सॉर बोर्डानं तो अडवला. हिंसा फार, गुन्ह्याची पद्धत दिसते, चांगलं म्हणावं असं पात्र नाही, संदेश नाही, असे आक्षेप होते. पुढे काटछाट करून परवानगी मिळाली, तरी थिएटरात तो रीतसर लागला नाही. माझ्या पुरोगामी मित्रांनी बोर्डाला मागास म्हटलं, आणि ते बरोबरच होतं. पण बोर्डाची मागणी आणि आमच्या चहावरच्या मंडळींची मागणी यांत फरक शोधून दाखवा. दोघांनाही शेवटी संदेश हवा. बोर्ड तो आधी मागतं, प्रेक्षक नंतर स्वतःच चिकटवतो. ‘पांच’च्या चोरट्या प्रती फिरल्या तेव्हा तर नवीनच प्रकार सुरू झाला. बंदी आलेला सिनेमा ‘मी पाहिलाय’ हीच प्रतिक्रिया. सिनेमा कसा आहे हा प्रश्न त्यात उरलाच नाही.

इथे कुणी मला संस्कृतिरक्षकांच्या रांगेत उभं करेल, म्हणून सांगून टाकते : असले सिनेमे बंद करा असं मी म्हणत नाही. काळोख दाखवू नये असंही म्हणत नाही. तेंडुलकरांच्या ‘गिधाडे’वर १९७० मध्ये गहजब झाला तो साडीवरच्या लाल डागासाठी. डाग निळा केला गेला, आणि प्रयोगाआधी श्रीराम लागूंनी प्रेक्षकांना सांगितलं की हा डाग लाल समजावा. मला ही मराठी रंगभूमीवरची फार मोठी गोष्ट वाटते, आणि तीही सेन्सॉरच्या कृपेनं घडली हा विनोद वेगळा. रक्त प्रेक्षकाला स्वतः आणावं लागलं. ‘मी फक्त बघत होतो’ म्हणायची सोय उरली नाही.

त्याच तेंडुलकरांनी लिहिलेला आणि अमोल पालेकरांनी दिग्दर्शित केलेला ‘आक्रीत’ १९८१ चा, परभणी जिल्ह्यातल्या मानवत हत्याकांडावरचा. तिथे बळी गेल्या त्या गरिबाघरच्या मुली आणि बाया, गुप्तधनाच्या हव्यासापायी. तो सिनेमा आमच्या सेक्टरात कुणी व्हीसीआरवर आणला नाही. मी विचारलं तेव्हा एक काका म्हणाले, ‘फार उदास आहे गं तो.’ म्हणजे दहा खुनांचा सिनेमा उदास नाही, हा उदास! मला वाटतं काकांचं निदान अचूक होतं. ‘आक्रीत’मध्ये डोळे बघावेत असा नाना नाही. लोभ आहे, दारिद्र्य आहे, गावाचं गप्प बसणं आहे. २०२४ मध्ये याच प्रकरणावर ‘मानवत मर्डर्स’ ही मालिका आली, आणि तिची गोष्ट तपास करणाऱ्या रमाकांत कुलकर्णींच्या बाजूनं सांगितलेली आहे. ती मात्र घरोघर पाहिली गेली. हुशार पोलीस अधिकाऱ्याचं बोट धरून गेलं की मानवतही उदास वाटत नाही.

उदास म्हणून जे टाळलं जातं त्याचा दाखला शोधायला मला पुण्या-परभणीला जायची गरज नाही. २८ सप्टेंबर १९९१ च्या पहाटे भिलाईत शंकर गुहा नियोगींना झोपेत, खिडकीतून गोळी घालून मारलं. दल्ली-राजहराच्या खाणकामगारांचा नेता, कामगारांच्या पैशांतून आणि श्रमांतून शहीद रुग्णालय उभं करणारा माणूस. १९९७ मध्ये आमच्याच दुर्गच्या सत्र न्यायालयानं सहा जणांना दोषी ठरवलं, त्यात उद्योगपतीही होते. १९९८ मध्ये उच्च न्यायालयानं सगळ्यांना सोडलं. २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं एकट्याला दोषी धरलं, ज्यानं गोळी झाडली त्याला. मधल्या काळात, १ जुलै १९९२ ला, पॉवर हाऊस स्टेशनजवळ रुळांवर बसलेल्या कामगारांवर पोलिसांनी गोळीबार केला आणि डझनाहून जास्त माणसं मेली.

यातला एक तरी दिवस ‘अगदी असंच झालं होतं’ असं म्हणत नातवंडांना सांगणारा माणूस माझ्या ओळखीत नाही. ज्या स्टेशनातून आम्ही गाडी पकडतो त्या स्टेशनची ही गोष्ट आहे. पुण्याचं पिंप त्यांना लिटरच्या मापासकट आठवतं. मी एकदा पंगतीत नियोगींचा विषय काढला. वाढणारा थांबला, शेजारच्या बाई म्हणाल्या, ‘जाऊ दे, त्यात फार राजकारण आहे.’ नराधम, सैतान, हैवान हे शब्द तिथे कुणाला सुचले नाहीत. पगार, कंत्राट, ठेकेदारी यांचा सैतान करता येत नाही, आणि सैतान नसला की आम्हाला सुन्न होता येत नाही.

प्रेक्षकानं काय करावं, असं विचारतात. निदान एवढं करावं, की सिनेमा संपल्यावर तोंडातून पहिलं नाव खुन्याचं येऊ नये. माझ्या कपाटात संस्कृत व्याकरणातल्या संज्ञांचा एक इंग्रजी कोश आहे, १९६१ मध्ये बडोद्याहून निघालेला. व्याकरणाचे विद्यार्थी अजून तो वापरतात. गेल्या दिवाळीत त्याच काकांनी तो सहज हातात घेतला, कव्हरवरचं काशिनाथ वासुदेव अभ्यंकर हे नाव वाचलं आणि विचारलं, ‘हे त्यांच्यापैकी कुणी का?’ तेच, म्हटलं, त्या बंगल्यात मारले गेलेले वृद्ध. काका म्हणाले, ‘अरे वा, हे लिहायचे पण?’ आणि पुस्तक बराच वेळ चाळत बसले. मग त्यांनी विचारलं, कामाला होती त्या बाईचं नाव काय होतं. मी सांगितलं. त्यांनी ते दोनदा म्हणून पाहिलं, आणि चहा गार झाला होता म्हणून मी दुसरा टाकायला आत गेले.