परसातील कोंबड्यांचे जंत आणि आपले उत्तरदायित्व

‘कोंबड्यांना जंत झालेत, एखादे झाडपाल्याचे औषध द्या.’ जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांत चिकित्सा करणाऱ्या वैद्यांना व औषधी दुकानदारांना ही मागणी नवी नाही. पशुवैद्यकीय दवाखाना लांब असतो, आपले दुकान बाजाराच्या वाटेवर असते आणि आयुर्वेदीय औषध निरुपद्रवी असते असा लोकांचा समज असतो. मग वावडिंगाच्या चूर्णाची पुडी बांधून दिली जाते. मात्रा ‘चिमूटभर’, अनुपान ‘दाण्यात मिसळून’. ही पुडी देण्याची आपली पद्धत शास्त्राला धरून नाही आणि ती आपण बदलली पाहिजे, एवढेच प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

प्रश्न वरकरणी किरकोळ वाटेल. परंतु आहुपे, तळेघर, मढ, आपटाळे या पश्चिम पट्ट्यातील आदिवासी कुटुंबांत भात आणि हिरडा यांच्या जोडीला दहा-पंधरा कोंबड्या हाच घरातील स्त्रीच्या हाती राहणारा पैसा असतो. वह्या-पुस्तके, दवाखाना, सणवार यांसाठी एखादी तलंग किंवा कोंबडा बाजारात जातो. ज्यांनी गोळा केलेल्या बाळहिरड्यावर आपला औषधी व्यापार उभा आहे, त्यांच्याच खुराड्यातील हे धन आहे. शिवाय त्या कोंबड्यांची अंडी घरातील मुलेच खातात. म्हणून कोंबडीला दिलेले औषध केवळ कोंबडीपुरते राहत नाही.

प्रथम कृमींचा विचार करू. कोंबडीच्या लहान आतड्यातील मोठा गोल जंत (अ‍ॅस्कॅरिडिया गॅली) सर्वपरिचित आहे. त्याची अंडी विष्ठेतून बाहेर पडतात, उबदार व ओलसर मातीत सुमारे दोन आठवड्यांत संसर्गक्षम होतात आणि दाणे टिपताना पुन्हा पोटात जातात. तेथे जंत पूर्ण वाढण्यास साधारण पाच ते आठ आठवडे लागतात. तीन महिन्यांच्या आतील पिल्लांना त्याचा त्रास सर्वाधिक होतो. अंधनालातील बारीक जंत (हेटेरॅकिस) याच मार्गाने पसरतो. पट्टकृमींचा (रॅलिएटिना) मार्ग मात्र निराळा. ते मुंग्या आणि भुंगेरे यांच्या शरीरात वाढतात व असे कीटक खाल्ल्याने कोंबडीत शिरतात. मोकळ्या फिरणाऱ्या कोंबड्यांत पट्टकृमी विशेष आढळतात, त्याचे कारण हेच.

आपल्या दोन तालुक्यांत देशभेदही लक्षात घ्यावा लागतो. घाटमाथ्याला लागून असलेल्या अतिवृष्टीच्या भागात पावसाळ्याचे चार महिने अंगणातील माती वाळत नाही; जंतांची अंडी तेथे सुखाने टिकतात. याउलट बेल्हे आणि आणे पठाराच्या कोरड्या भागात उन्हाळ्याचे कडक ऊन बरेचसे काम आपोआप करते. कालव्याखालील उसाच्या पट्ट्यात बिबट्याच्या भीतीने कोंबड्या सायंकाळपासूनच बंदिस्त खुराड्यात कोंडल्या जातात आणि विष्ठेचा थर वाढत राहतो. तेव्हा एकच पुडी आणि एकच वेळापत्रक तिन्ही ठिकाणी लागू पडेल, हे संभवत नाही.

आता औषधांच्या निवडीकडे वळू. पाइपेरझिन हे मुख्यतः मोठ्या गोल जंतावर चालते. पट्टकृमीवर त्याचा उपयोग नाही. लेव्हामिसोल गोल जंतांच्या अनेक जातींवर चालते, परंतु पट्टकृमीवर नाही आणि मात्रा चुकली तर ते बाधते. फेनबेंडाझोल, अल्बेंडाझोल यांचा आवाका अधिक आहे. पट्टकृमींसाठी प्राझिक्वांटेल हे विशेष परिणामकारक मानले जाते. तात्पर्य, जंत कोणता हे कळल्याशिवाय औषध ठरत नाही. माणसांसाठीच्या अल्बेंडाझोलच्या ४०० मिलिग्रॅमच्या गोळीचे तुकडे करून कोंबड्यांना देण्याची प्रथा तर दुकानदारांनी तत्काळ बंद करावी. कोंबडीसाठी सामान्यतः वजनाच्या किलोमागे सुमारे १० ते २० मिलिग्रॅम मात्रा वापरली जाते. गावठी कोंबडी एक-सव्वा किलोची. पाव गोळी म्हणजे १०० मिलिग्रॅम. तिला किती पटींनी अधिक औषध जाते, हा हिशेब प्रत्येकाने करून पाहावा. औषध दिल्यानंतर किती दिवस अंडी व मांस वर्ज्य, हे पशुवैद्यकीय औषधाच्या वेष्टनावर पाहता येते. माणसांच्या गोळीच्या पाकिटावर ते असणार नाही.

मग वनौषधी द्यावी, असे कोणी म्हणेल. विडंग, पलाशबीज, कंपिल्लक ही आपली कृमिघ्न द्रव्ये आहेत आणि त्यांच्याविषयी आपल्याला सार्थ अभिमान आहे. परंतु सुश्रुताच्या उत्तरतंत्रातील कृमिरोगप्रतिषेध असो वा चरकाच्या विमानस्थानातील सातवा अध्याय, तेथील मात्रा मनुष्यदेहासाठी आहेत. अश्वांसाठी शालिहोत्र आणि हत्तींसाठी पालकाप्य यांची परंपरा वेगळी मांडली गेली, यावरून देहभेदाने चिकित्साभेद होतो हे पूर्वाचार्यांना मान्य होते असे दिसते. कंपिल्लक तीव्र रेचक आहे. पलाशबीज मात्रेबाहेर गेल्यास अपाय करते. एक किलो वजनाच्या पक्ष्याच्या बाबतीत ‘चिमूटभर’ हे माप कसे चालेल?

विडंगाविषयी दोन गोष्टी अधिक स्पष्टपणे बोलल्या पाहिजेत. पिप्पली, विडंग आणि टंकण यांचा योग आपल्या ग्रंथांत गर्भनिरोधासाठी सांगितला आहे आणि केंद्रीय आयुर्वेद संशोधन परिषदेने त्याचा त्या दृष्टीने अभ्यासही केला आहे. असे असता अंड्यावर असलेल्या कोंबड्यांना विडंग देताना तिच्या अंडी घालण्यावर व पिल्ले निघण्यावर काय परिणाम होईल, हा प्रश्न वैद्याला पडलाच पाहिजे. दुसरी गोष्ट भेसळीची. खऱ्या विडंगाच्या (एम्बेलिया रायबिस) नावाखाली एम्बेलियाची दुसरी जात, मेसा इंडिका किंवा मिर्सिन आफ्रिकाना यांची फळे बाजारात विकली जातात, हे द्रव्यगुणाच्या अभ्यासकांना ठाऊक आहे. पुडीत कोणते द्रव्य आहे याचीच खात्री नसेल तर गुणाची हमी कोणत्या तोंडाने द्यावी?

कायद्याची बाजूही पाहू. औषधे व सौंदर्यप्रसाधने अधिनियम, १९४० मधील आयुर्वेदीय औषधाच्या व्याख्येत मनुष्याबरोबर प्राण्यांचाही समावेश आहे. म्हणजे प्राण्यांसाठीचे आयुर्वेदीय औषध परवान्याने तयार झालेले असावे लागते. वैद्याला मिळणारी सवलत स्वतःच्या रुग्णांसाठी औषध तयार करण्यापुरती आहे. दुसरीकडे भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियम, १९८४ अन्वये पशुचिकित्सेचा अधिकार नोंदणीकृत पशुवैद्यकाचा आहे. आपल्या क्षेत्रात इतरांनी केलेला शिरकाव आपल्याला खटकतो. तोच न्याय आपण स्वतःलाही लावावा.

यावर काही ज्येष्ठ बंधू म्हणतील की पिढ्यान्‌पिढ्या ही पुडी दिली जात आहे आणि गुणही येतो. त्यांच्या अनुभवाचा आदर राखून एवढेच विचारावेसे वाटते की, गुण आला हे ठरविले कशावरून? विष्ठेत चार जंत पडलेले दिसले म्हणजे पोटात जंत उरले नाहीत असे होत नाही. आणि कोंबडी मलूल होणे, तुरा फिका पडणे, छातीचे हाड वर येणे ही लक्षणे केवळ जंतांची नव्हेत. रक्ती हगवणीतही कोंबडी अशीच खंगते आणि मानमोडीचा आरंभही मलूलपणानेच होतो. मानमोडीच्या साथीत पुडीच्या भरवशावर गेलेले दोन दिवस संपूर्ण खुराडे रिकामे करू शकतात.

तर मग वैद्याने हात झटकून मोकळे व्हावे काय? मुळीच नाही. चरकाने कृमिचिकित्सेची जी त्रिसूत्री सांगितली, अपकर्षण, प्रकृतिविघात आणि निदानपरिवर्जन, तिच्यातील तिसरे सूत्र सांगण्यास कोणताही परवाना लागत नाही, आणि या व्याधीत खरे बळ त्याच सूत्रात आहे. खुराड्यातील विष्ठा रोज खरवडून काढावी. ती उघड्या उकिरड्यावर टाकू नये, कारण कोंबड्या तेथेच चरतात. झाकलेल्या खड्ड्यात कुजवावी. राख वा चुना टाकल्याने जमीन कोरडी राहते, पण तेवढ्याने जंतांची अंडी मरत नाहीत. खरवडणे आणि ऊन यांना पर्याय नाही. दाणे मातीवर न फेकता परातीत द्यावेत. पिल्ले मोठ्या कोंबड्यांपासून वेगळी, कोरड्या जागी वाढवावीत. जेथे अपकर्षणासाठी पशुवैद्यकाने औषध दिले असेल, तेथे ते डबक्याचे पाणी पिणाऱ्या कोंबड्यांना पाण्यातून न देता, रात्री खुराड्यात बसल्यावर प्रत्येकीला वजनानुसार द्यावे. नंतरचे एक-दोन दिवस त्यांना आत ठेवून विष्ठा गोळा करावी. आठव्या आठवड्यातील मानमोडीच्या लसीपूर्वी जंतनिर्मूलन उरकून घ्यावे.

आपल्या संघटनेपुढे एक सूचना नम्रपणे मांडतो. दोन्ही तालुक्यांतील इच्छुक वैद्यांनी स्थानिक पशुधन विकास अधिकाऱ्यांशी आणि नारायणगावच्या कृषी विज्ञान केंद्राशी संपर्क साधून एक छोटा उपक्रम हाती घ्यावा. ओळख पटवलेल्या विडंगाची निश्चित मात्रा पशुवैद्यकाच्या देखरेखीखाली काही कोंबड्यांना द्यावी, तितक्याच कोंबड्या औषधाविना ठेवाव्यात. औषधापूर्वी आणि नंतर दोन आठवड्यांनी विष्ठेतील जंतांच्या अंड्यांची सूक्ष्मदर्शकाखाली मोजणी व्हावी, अंडी घालण्याची नोंदही ठेवावी. निष्कर्ष अनुकूल असोत वा प्रतिकूल, ते याच त्रैमासिकात छापावेत. तोपर्यंत दुकानदार बंधूंनी कोंबड्यांसाठी सुटी पुडी विकू नये. विचारणाऱ्याला खुराड्याची स्वच्छता समजावून सांगावी आणि ताज्या विष्ठेचा नमुना घेऊन पशुवैद्यकीय दवाखान्याकडे पाठवावे. एका पुडीची विक्री त्याने बुडेल, परंतु आपल्या शब्दावर विसंबून असलेल्या घरातील कोंबड्या वाचतील आणि त्या शब्दाची किंमतही राहील.