नमुना मोठा कीं नोंद मोठी ?

आमच्या कित्येक विद्यार्थ्यांस अलीकडे जीवाश्म जमविण्याचा नाद लागला आहे, ही आनंदाची गोष्ट होय. त्यांतही ट्रायलोबाइट नांवाच्या प्राण्याची मोहिनी विशेष. लांबीच्या दिशेनें तीन खंड पडलेलें कवच आणि सांधेदार पाय असलेले हे समुद्रवासी प्राणी सुमारें ५२ कोटी वर्षांपूर्वीं पृथ्वीवर दिसूं लागले व सुमारें २५ कोटी वर्षांपूर्वीं समूळ नाहींसे झाले. साप कात टाकतो तसे ते कवच टाकीत. म्हणून बहुधा कवचाचे तुकडेच हातीं येतात. चिखलाखालीं एकाएकीं गाडला जाऊन अखंड राहिलेला देह दुर्मिळ. दुर्मिळतेमुळें मोल येतें, आणि मोलाच्या पाठोपाठ लबाडीही येते. मोरोक्को देशांतून बाजारांत येणाऱ्या ट्रायलोबाइटांत राळेचे ओतीव किंवा जोडकाम केलेले नमुनेही असतात, हें प्रसिद्ध आहे.

पालक हौसेनें असा नमुना मुलास घेऊन देतात. त्यांस आमचें नम्र सांगणें असें कीं, तो कोठें, कोणत्या थरांत व केव्हां मिळाला हें ठाऊक नसेल, तर तो मुका साक्षीदार होय. आणि त्यास खोटें नांव-गांव चिकटविलें असेल, तर तो खोटी साक्ष देणारा होय.

आमच्या सोलापुराच्या भूमींत ट्रायलोबाइट सांपडणार नाहीं. येथील काळा पाषाण म्हणजे सुमारें साडेसहा कोटी वर्षांपूर्वीं थिजलेला लाव्हारस; त्याच्या आधीं कित्येक कोटी वर्षें ट्रायलोबाइट लयास गेले होते. हिंदुस्थानांत ते स्पिती व काश्मीर येथील प्राचीन खडकांत मिळतात. तथापि यास्तव खिन्न होण्याचें कारण नाहीं.

स्कॉटलंडचे मिशनरी रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप हे १८४५ सालीं नागपुरास आले. तेथेंही असाच काळा पाषाण. त्यांनीं व रेव्हरंड रॉबर्ट हंटर यांनीं टाकळी येथें लाव्ह्याच्या थरांमधील गाळाच्या खडकांतून शंख, फळें, बिया गोळा केल्या. दिसण्यांत त्या क्षुल्लक. परंतु थरांची नोंद कसोशीनें ठेवल्यामुळें, लाव्ह्याच्या दोन लोटांच्या मध्यंतरीं तेथें गोड्या पाण्याचीं तळीं होतीं, हें कळून आलें. त्यांचा निबंध १८५५ सालीं लंडनच्या भूशास्त्र मंडळाच्या त्रैमासिकांत छापला गेला. १८६३ सालीं टाकळघाट येथील शिलावर्तुळें पाहून परततांना हिस्लॉप ओढ्यांत बुडून निवर्तले. नागपूरचें हिस्लॉप कॉलेज त्यांचें नांव चालवीत आहे.

कोणी म्हणेल, सुंदर वस्तु पाहूनच बालमनांत जिज्ञासा जागी होते. हें आम्हांस मान्य आहे. विकत घेतलेला नमुना फेंकून द्यावा असें आमचें म्हणणें नाहीं. विकणाऱ्यास त्याचें मूळ ठिकाण विचारावें, जोडकाम किती तें विचारावें, व उत्तर न मिळाल्यास चिठ्ठीवर ‘ठिकाण अज्ञात’ असें प्रामाणिकपणें लिहावें.

मुलांनों, दगड उचलण्यापूर्वीं वही उघडा. क्रमांक, ठिकाण, थर व दिनांक लिहा. शेतमालकाची परवानगी घ्या. खाणीच्या कड्याखालीं जाऊं नका. संरक्षित स्थळीं कशासही हात लावूं नका. परमेश्वराच्या करणीचा अभ्यास करणाराची पहिली दीक्षा सत्यनिष्ठेची आहे. नोंद असलेला एक फुटका शंख विद्येच्या भांडारांत भर घालील. नोंद नसलेला अखंड ट्रायलोबाइट केवळ कपाटाची शोभा वाढवील.